वाचल्याचा पुरावा

वाचन ही आमच्या हिंगोली जिल्ह्यात हल्ली बसून करायची गोष्ट राहिलेली नाही. ती उभ्यानं, रांगेत आणि फेटा बांधून करावी लागते. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. मध्ये कुठे फट राहिली तर ग्रंथोत्सव आहेच, आणि ग्रंथोत्सव म्हटला की दिंडी आली. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान, पुढे लेझीम, मागे घामाघूम झालेले गुरुजी. दिंडी सकाळी नऊला निघते, उद्घाटक साडेबाराला येतात आणि भाषणात सांगतात, की आजची पिढी वाचत नाही. पिढी तेव्हा उन्हात उभी असते. ग्रंथाला एकदा पालखीत बसवून हार घातला, की तो उघडून बघण्याचा आगाऊपणा कोण करणार? देवाला कुणी विचारतं का, आत काय लिहिलंय?

शाळांनी तर याहून पुढची मजल मारली आहे. शासनाच्या महावाचन उत्सवाला 2024 साली साक्षात अमिताभ बच्चन सदिच्छादूत म्हणून लाभले. मुलानं पुस्तक वाचायचं, त्यावर दीडशे-दोनशे शब्द लिहायचे, मिनिटभराचा व्हिडिओ करायचा आणि हे सगळं पोर्टलवर चढवायचं. सेनगावकडच्या एका शाळेतलं चित्र असं : रेंज गच्चीवर, म्हणून गुरुजी गच्चीवर आणि गुरुजींसमोर पुस्तक छातीशी धरलेला पोरगा. सेल्फीच्या कॅमेऱ्यात अक्षरं उलटी दिसली म्हणून पुन्हा घेतलं. मागून म्हैस ओरडली म्हणून पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा लाईट गेली. पोराचं मुखपृष्ठ तोंडपाठ झालं, आतलं राहिलं. "गुरुजी, हे घरी नेऊन वाचू का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "थांब बाबा, अजून पाचजणांना धरायचंय हे."

आता सार्वजनिक ग्रंथालयांकडे वळू. 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. पोरं पहिलीपासून वरच्या वर्गात ढकलली जातात, ग्रंथालयं मात्र ड वर्गातच म्हातारी होतात. 2012 साली सरकारला शंका आली, की काही ग्रंथालयं फक्त कागदावर आहेत. मग महसूल खात्याची माणसं पडताळणीला निघाली. जमीन मोजणाऱ्यांनी पुस्तकं मोजली. कपाट आहे का, आहे. पाटी आहे का, आहे. रजिस्टर आहे का, ते तर कालच पूर्ण केलंय! पुस्तक कुणी वाचलं का, हा रकाना नमुन्यात नव्हता.

पुढं दहा वर्षं ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत होते. मग अनुदानात 60 टक्क्यांची घसघशीत वाढ झाली आणि रक्कम 48 हजारांवर गेली, म्हणजे महिन्याला चार हजार. यात वर्तमानपत्रं, वीजबिल, नवी पुस्तकं आणि ग्रंथपालाचा पगार. एवढ्यात चौघांचं भागवणारा गृहस्थ खरं तर राज्याच्या अर्थखात्यात हवा होता. तो सकाळी ग्रंथालय उघडतो, दुपारी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितो आणि आपण त्याला विचारतो, "काय हो, नवीन काही आलं नाही का?"

शहरांतली ग्रंथालयं मात्र गजबजलेली आहेत, हे कबूल करायला हवं. सकाळी सहापासून खुर्ची मिळत नाही. एक पोरगा तलाठी होतोय, एक पोलीस, एक राज्यसेवेच्या तिसऱ्या खेपेला बसलाय. प्रत्येकाचं पुस्तक घरून आणलेलं, पाण्याची बाटली घरची, चार्जर घरचा. ग्रंथालयाचा उपयोग फक्त शांततेसाठी. भिंतीलगतच्या कपाटात कादंबऱ्या डांबरगोळ्यांच्या संगतीत कुलूपबंद, किल्ली सचिवांकडे आणि सचिव लेकीकडे नांदेडला. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. कादंबरी वाचून जागा निघत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

ज्यांना नोकरी लागली त्यांचं वाचन मोबाईलवर चालतं. कुणी नव्या पुस्तकाचं नाव काढलं, की ग्रुपवर पहिला सवाल येतो, "पीडीएफ आहे का?" हा सवाल खुद्द लेखकालाही विचारतात, वर हात जोडल्याची चित्रं टाकतात. हजार पुस्तकं खिशात घेऊन फिरणारा माणूस इतिहासात पहिल्यांदाच झालाय. तो ती उघडत नाही एवढंच.

छापील पुस्तक मागवणाऱ्यांचीही सोय झाली आहे. टपालखात्यानं स्वस्तातली जुनी बुकपोस्ट 2024च्या डिसेंबरात बंद केली आणि ज्ञान पोस्ट आणली ती 1 मे 2025ला, नेमक्या आमच्या जिल्ह्याच्या वाढदिवशी. परभणीतून फुटून आम्ही 1 मे 1999ला जिल्हा झालो होतो. तीनशे ग्रॅम ज्ञानाला वीस रुपयांपासून सुरुवात. ज्ञान वजनावर मोजायची पद्धत मोंढ्याच्या गावाला मानवेल.

प्रकाशक हिशेबात पक्के असतात. आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीच्या संत नामदेवांची 61 पदं गुरुग्रंथसाहेबात आहेत. त्यांच्या या पंजाबी नात्यापोटी 2015चं साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं, तेव्हा प्रकाशकांनी बहिष्काराची भाषा केली. तिथं मराठी पुस्तकं घेणार कोण, असा त्यांचा रास्त सवाल होता. हाच निकष कडक लावला, तर संमेलनाला महाराष्ट्रातही गाव मिळणं अवघड आहे.

बोलती पुस्तकं हा नवा शोध आहे, असं पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटतं. आमच्याकडे श्रावणात मारुतीच्या पारावर श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप लागायचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ लावायचा आणि निम्म्यांनी तंबाखू मळत ऐकायचं. वर्गणी नाही, इयरफोन नाही. डुलकी लागली तरी उद्या कुठून सुरू करायचं, हे सगळ्या गावाला माहीत.

आणि एकट्यानं वाचायचं सुख हवं असेल, तर हळदीच्या दिवसांत वसमतकडे यावं. शिजवलेली हळद खळ्यावर पसरली, की शेळ्या आणि अवकाळी पाऊस यांच्यापासून तिची राखण करायला घरातलं सगळ्यात बिनकामाचं माणूस बसवतात. बाज, लिंबाची सावली आणि हातात पुस्तक. "काय वाचूलालास रे?" असं कुणी विचारलंच, तर "काही नाही" म्हणायचं आणि पान उलटायचं. त्या पुस्तकाच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर पिवळे अंगठे उमटतात. वाचल्याचा एवढा अस्सल पुरावा मी दुसरा पाहिला नाही. पण तो पोर्टलवर चढत नाही.

पुराव्याच्या बाबतीत या मातीचा इतिहासच वाईट आहे. विचारवंत नरहर कुरुंदकर 1932 साली कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला जन्मले, वसमतला वाढले, शिकायला हैदराबादला मामांकडे गेले. मामा म्हणजे उस्मानिया विद्यापीठातले प्राध्यापक नांदापूरकर, घरात ग्रंथच ग्रंथ. भाच्यानं वाचण्याचा असा सपाटा लावला, की इंटरच्या परीक्षेत नापास झाला. पुढं हाच माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत सगळ्यावर बोलला आणि 'श्रीमान योगी' कादंबरीला त्याची प्रस्तावना लागली. आजच्या नमुन्यात बसवलं तर कुरुंदकरांचा निकाल सरळ आहे : गुणपत्रिका असमाधानकारक, व्हिडिओ अप्राप्त, मिनिटभरात आटोपण्याची मुळीच शक्यता नाही.

तरीही आशेला जागा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात 2,600 कोटींची, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा मंजूर झाली आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली, की तिच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत प्रोटॉनहूनही सूक्ष्म फरक पडेल आणि तो मोजला जाईल. जिल्ह्यात कुणी खरोखर पुस्तक वाचलं, तर त्याचीही नोंद याच यंत्रानं घ्यावी, असा ठराव नियोजन समितीपुढं मांडावा म्हणतो.

तोवर एक बिनखर्चाची सूचना आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रंथालयाच्या दारावर पाटी लावावी : 'आत वाचताना आढळणाऱ्याचा सत्कार केला जाणार नाही.' एवढी हमी मिळाली, तर निदान चार माणसं निर्धास्त आत शिरतील.