भिंतीतल्या पलंगाची यथासांग प्रतिष्ठापना

सुरुवात संकल्पाने करावी. ‘दिवसा मोकळी जागा, रात्री पलंग’ हा संकल्प घरधन्याने मोबाइलवर एखादा परदेशी व्हिडिओ पाहून सोडलेला असतो. त्यात कुणीतरी एका बोटाने आख्खा पलंग भिंतीतून खाली आणते आणि त्या खोलीत दुसरी एकही वस्तू नसते. बऱ्हाणपुरातल्या घरात मात्र त्याच भिंतीला गोदरेजचे कपाट, शिलाई मशीन, गव्हाची कोठी आणि कुणाच्या तरी लग्नात आलेला, अद्याप न उघडलेला डिनर सेट आधीपासून टेकलेले असतात. यांची सोय दुसरीकडे लागली तरच पुढे वाचावे.

मग पूर्वसूरींचे स्मरण. शिकागोत फर्निचरचे दुकान चालवणाऱ्या सारा गूड यांनी १८८५ साली मिटवला की लिहायचे टेबल होणाऱ्या पलंगाचे पेटंट मिळवले. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फी आला. एका खोलीत राहणाऱ्या या गृहस्थाला गाणाऱ्या मैत्रिणीला घरी बोलवायचे होते, पण समोर पलंग दिसणे तेव्हाच्या सभ्यतेत बसत नव्हते, म्हणून त्याने तो भिंतीत घातला, अशी आख्यायिका आहे. यंत्राचे दुसरे रूप पाहायचे असेल तर चार्ली चॅप्लिनचा १९१६चा ‘वन ए. एम.’ पाहावा. दारू प्यायलेला चार्ली भिंतीतल्या पलंगाशी झुंजतो, हरतो आणि शेवटी बाथटबमध्ये झोपतो.

बऱ्हाणपूरला ही विद्या नवी वाटायचे कारण नाही. दख्खनच्या मोहिमांचे हे मोगलांचे मोठे ठाणे. १६८१ साली औरंगजेब इथे येऊन पोहोचला तोही मुक्कामाच्या लवाजम्यासह. बादशाही तंबूंचे दोन जोड असत. एकात बादशहा निजे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. भिंतच कापडाची म्हटल्यावर पलंग तिच्यात घालायचा प्रश्न उद्भवला नाही. आताच्या घरधन्याकडे तंबू वाहायला हत्ती नाहीत, म्हणून प्लाय.

साहित्य गोळा करताना पहिली परीक्षा सागवानाची. ‘सातपुड्याचा साग एवढा जवळ असताना प्लाय कशाला?’ असे थोरले काका म्हणतील. काकांना चहा द्यावा आणि सागवान फक्त कडेच्या पट्टीला वापरावे. आठ बाय चारचा, १९ मिलिमीटरचा एक प्लायच ३० किलोच्या वर भरतो. पलंगाच्या पल्ल्याला भरीव सागवान लावले तर तो रोज उचलायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. प्लायवर आय. एस. ३०३ किंवा आय. एस. ७१० हा शिक्का आहे का, ते दुकानातच बघून घ्यावे.

आता मापे. सव्वासहा फूट बाय चार फूट गादीचा पल्ला जमिनीपासून सव्वा फुटावर बिजागरीला बसवला, की उभा केल्यावर त्याचे टोक साडेसात फुटांवर जाते. बहुतेक घरांत माळा सात फुटांवर असतो. हे गणित मिस्त्री पल्ला तयार झाल्यावर करतो. ‘हो जाएगा साहब’ हे त्याचे वाक्य मापात धरू नये. माळा आडवा येत असेल तर पलंग लांबीच्या बाजूने उघडणारा करावा. तो उभा राहिला तरी साडेपाच फुटांच्या आत राहतो.

गुण्या आणि ओळंबा यांत सूतभर चूकही चालवून घेऊ नये. याच गावात १६१५च्या सुमारास, मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, एका इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून, कुंडीमागून कुंडी, केवळ उतारावर शहराकडे आणले. या कुंडी भंडाऱ्यात आजही पाणी वाहते. जमिनीखाली अंधारात त्याचा उतार चुकला नाही. मिस्त्रीकडे तर ट्यूबलाइट असते.

भिंतीचा विषय जरा सावकाश घ्यावा, कारण माणूस जखमी होतो तो इथे. पल्ला खाली येताना तो ज्यात मावतो ते सगळे खोके पुढे ओढले जाते. ते पक्के धरलेले नसेल तर पलंगाबरोबर तेही अंगावर येते. काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घट्ट बसतात. जुन्या पेठेतल्या घरांच्या भिंती मात्र पातळ विटांच्या आणि चुन्याच्या. ड्रिल लावले की भोकातून आजोबांच्या काळची माती गळायला लागते, आणि बोल्ट हाताने बाहेर येतो. अशा घरात भिंतीला हात लावू नये. लोखंडी चौकट करून ती खाली फरशीत आणि वर तुळईत बांधावी.

वजनाचा हिशेब सोपा आहे. पल्ला आणि गादी मिळून साठ किलो धरले, तर टोकाला धरून उचलताना हातावर तीस किलो येतात. ते कमी करायला दोन्ही बाजूंना गॅस स्प्रिंग लावतात. बिजागरीपासून फूटभर अंतरावर जोर मिळणार असेल तर दोन्ही मिळून तिप्पट, म्हणजे १८० किलोंचा रेटा लागतो. प्रत्येकी साधारण ९०० न्यूटन. कोन बदलला की आकडाही बदलतो, म्हणून विकत घेताना कंपनीचा तक्ता मागून घ्यावा. गादी ठेवण्याआधी स्प्रिंग जोडली तर पल्ला खालीच येत नाही, आणि मग दोन मेहुण्यांना त्यावर लोंबकळावे लागते.

गादी चार इंची फोमची, पट्ट्यांनी बांधलेली. आईने रुखवतात दिलेली कापसाची गादी इथे उपयोगाची नाही. उभी केली की तिचा कापूस हळूहळू खाली सरकतो आणि महिनाभरात वरच्या टोकाला नुसती खोळ उरते. ही बातमी आईला कोणी सांगायची, ते आधी ठरवावे.

इथवर सगळे सुतारकाम. खरी अडचण घड्याळाची, आणि तीच व्हिडिओत नसते. पलंग मिटवायचा तर त्यावरून सगळे एकाच वेळी उठले पाहिजेत. बऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव आहे. रात्रपाळीचा कारागीर सकाळी येऊन झोपतो, तो उठेपर्यंत आजोबांची वामकुक्षी लागते, मग शाळेतून आलेली पोरे अभ्यास म्हणून त्यावरच पालथी पडतात. मे महिन्यात तर घरदार कूलरसमोर फरशीवर आणि पलंग कूलरच्या उलट्या भिंतीला. तेव्हा मापे घेण्याआधी आठवडाभर कोण किती वाजता आडवे होते, याची नोंद वहीत ठेवावी. दिवसाचे सलग चार तास मोकळे निघाले नाहीत, तर साधी खाट घ्यावी.

निघालेच, तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. गादी बांधून पल्ला अर्ध्यावर आणावा, लहान मुलांना बाहेर काढावे आणि हात जवळ ठेवूनच सैल करावा. तो धाडकन खाली आला तर स्प्रिंग कमी जोराची. सटकन वर गेला तर जास्त जोराची. जागच्या जागी थांबला तर वरची कडी लहान मुलाच्या हाताला लागत नाही ना, पुढचे पाय आपोआप उघडतात ना, एवढे पाहून पैसे मोजावेत. मिस्त्री ‘साहब, अब डिनर सेट के लिए ऊपर एक खाना बना दूँ?’ असे विचारेल. नाही म्हणावे.