उद्यानाला पंचेचाळीस भोकं

अमेरिका प्रगत देश आहे, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. असेलही. पण लोकांची मोकळी जागा लोकांच्या नकळत सोडवून घेण्याच्या कलेत हा देश अजून बालवाडीतच आहे, हे फ्लोरिडा राज्याच्या पर्यावरण खात्यानं २०२४च्या ऑगस्टमध्ये सिद्ध केलं. त्या प्रकरणाची कात्रणं आम्ही जपून ठेवली आहेत. आमच्याकडच्या नगररचना विभागात नव्यानं भरती होणाऱ्यांना ती सक्तीनं वाचायला द्यावीत. इतके अनुभवशून्य लोक खातं कसं काय चालवतात, याचं त्यांना नवल वाटेल.

आधी उद्यानांविषयी. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंद पडलेलं कारंजं, 'हिरवळीवर बसू नये' ही पाटी आणि माननीयांच्या नावाची कोनशिला येते. फ्लोरिडात तसं नाही. राज्य सरकारच्या मालकीची तिथे १७५ उद्यानं आहेत आणि त्यांत समुद्रकिनारे, झरे, खारफुटी, नद्या, वाळूच्या टेकड्या असं सगळं येतं. बहुतेक ठिकाणी गाडीमागे चार-सहा डॉलर भरायचे आणि दिवसभर होडी वल्हवायची, तंबू ठोकायचा, पक्षी बघायचे किंवा काहीच करायचं नाही. देशातली सर्वोत्तम उद्यानव्यवस्था म्हणून या राज्याला चार वेळा राष्ट्रीय सुवर्णपदक मिळालं आहे.

म्हणजे बघा, एवढी मोठी जागा, तीही किनाऱ्यालगतची, आणि आत विकत घेण्यासारखं जवळजवळ काही नाही. माणसं येतात, झाडाखाली बसतात आणि उठून घरी जातात. कुठल्याही कर्तव्यदक्ष प्रशासनाला हे बघवेल का?

फ्लोरिडाच्या प्रशासनाला बघवलं नाही. त्यांनी 'ग्रेट आउटडोअर्स इनिशिएटिव्ह' नावाची योजना आणली. निसर्गाच्या ओढीनं कंठ दाटून येईल असंच नाव. नऊ उद्यानांचा त्यात 'विकास' होणार होता. अनास्टेशिया आणि टॉपसेल हिल या दोन किनारी उद्यानांत प्रत्येकी साडेतीनशे खोल्यांपर्यंतची हॉटेलं. आणखी काही ठिकाणी पिकलबॉलची मैदानं, कारण निसर्गात गेलेल्या माणसाला प्लास्टिकच्या चेंडूचा टकटक आवाज ऐकू आला नाही तर तो बेचैन होतो, असा खात्याचा अभ्यास असावा. आणि सगळ्यात पुण्यकर्म म्हणजे जोनाथन डिकिन्सन उद्यानात गोल्फ. दोन मैदानं अठरा-अठरा भोकांची, एक नऊ भोकांचं. एकूण पंचेचाळीस भोकं, सोबत क्लबहाउस. फ्लोरिडात आधीच बाराशेच्या वर गोल्फ मैदानं आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तरी त्या बिचाऱ्या राज्यात गोल्फ खेळायला जागा उरली नव्हती, असं दिसतं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. हेतू स्वच्छ होता, नाव सुंदर होतं. घोळ झाला तो पुढे, जनसुनावणीत.

सुनावणी ही गोष्ट आमच्याकडून शिकावी. आमच्याकडे जाहीर सूचना अशा वर्तमानपत्रात आणि अशा कोपऱ्यात छापता येते की ती शोधून काढणाऱ्याला पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळावी. नकाशा असा लावतात की आपलं मैदान त्यात कुठल्या रंगाचं आहे हे कळेपर्यंत मुदत संपते. हरकती मागवतात, त्या हजारोंनी येतात, सुनावणी होते, अधिकारी मान डोलावतात, शिपाई चहा देतो आणि मूळ प्रस्ताव 'किरकोळ फेरबदलांसह' मंजूर होतो. सगळं सावकाश, सभ्यपणे, वर्षानुवर्षं. माणूस कंटाळतो, हरकत घेणारे आजोबा वारतात, त्यांचा नातू ऑस्ट्रेलियाला जातो.

फ्लोरिडावाल्यांनी काय केलं? जेमतेम आठवड्याची पूर्वसूचना देऊन सगळ्या उद्यानांच्या सभा एकाच मंगळवारी, एकाच वेळी, वेगवेगळ्या गावांत ठेवल्या. प्रत्येकीला वेळ एक तास. म्हणजे ज्याला दोन उद्यानांविषयी बोलायचं आहे त्यानं स्वतःचे दोन भाग करावेत. कल्पना वाईट नाही, पण घाई फार. जनतेला गुंगी यायलाही थोडा वेळ द्यावा लागतो. एक तास म्हटल्यावर माणूस जागाच होतो.

दुसरी चूक नकाशाची. आमच्याकडे नकाशा काढणाऱ्यावर कुणाचं लक्ष नसतं, कारण नकाशा काढणारा काय काढतोय हे त्यालाही माहीत नसतं. तिथे नकाशे आखायला बसवलेल्या एका कर्मचाऱ्याला आपण काय आखतो आहोत हे समजत होतं, हा खात्याचा गंभीर गाफीलपणा. त्यानं कागद बाहेर काढले. खात्यानं त्याला सरकारी नोकराला न शोभणारं वर्तन केल्याबद्दल कामावरून काढलं. लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली आणि बघता बघता दीड लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. आमच्याकडे अशा माणसाची गडचिरोलीला बदली झाली असती आणि वर्गणी त्याच्या निरोप समारंभातल्या शालीपुरती जमली असती.

तिसरी गोष्ट मात्र त्यांना जमली होती, श्रेय द्यायला हवं. गोल्फ मैदानाच्या मागे उभ्या असलेल्या संस्थेचं नाव होतं 'टस्कीगी ड्यून्स फाउंडेशन'. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तुकडीची आठवण करून देणारं नाव, आणि उद्देश सैनिकांचा सन्मान. हा अस्सल मराठी डावपेच आहे. प्रकल्पाला असं नाव द्यायचं की विरोध करणाऱ्याला आधी हुतात्म्यांची माफी मागावी लागेल. पण अंमलबजावणी कच्ची. आमच्याकडे पुतळा आधी बसतो, क्लबहाउस मागाहून येतं. ते पुतळाच विसरले.

आता जागेबद्दल. जोनाथन डिकिन्सन उद्यान दहा हजार एकरांहून मोठं आहे. १६९६ साली त्या किनाऱ्यावर जहाज फुटून अडकलेल्या एका व्यापाऱ्याचं नाव त्याला दिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचं रडार शिकवणारं गुप्त केंद्र होतं. आतून लॉक्साहॅची नदी वाहते. नैसर्गिक अवस्थेतच राखायची नदी म्हणून तिला १९८५ साली केंद्र सरकारचं संरक्षण मिळालं. शिवाय ८६ फूट उंचीची एक वाळूची टेकडी आहे, तिला ते 'होब माउंटन' म्हणतात. सह्याद्रीच्या लेकरांनी हसू आवरावं, त्या सपाट मुलखात तेवढाच पर्वत.

आणि बाकीचं बरंचसं काय, तर झुडूप. पांढऱ्या वाळूवर वाढलेलं खुरटं, कंबरेएवढं, ओक जातीचं झुडूप. विकासकाच्या डोळ्याला ते 'रिकामं' दिसतं. त्या रिकाम्या जागेत स्क्रब-जे नावाचा निळा-करडा पक्षी राहतो. जगात फक्त फ्लोरिडात आढळणारा हा एकमेव पक्षी. त्याचं वागणं आपल्या जुन्या वाड्यातल्या एकत्र कुटुंबासारखं: वयात आलेली पोरं लगेच वेगळं बिऱ्हाड करत नाहीत, आईबापांकडे राहून धाकट्या भावंडांना भरवतात, घारी-ससाण्यांवर नजर ठेवतात. हे पक्षी ओकची हजारो फळं वाळूत पुरून ठेवतात आणि पुढे काढून खातात. त्यांना उंच झाडी चालत नाही, म्हणून अधूनमधून ठरवून वणवा लावून झुडूप खुरटंच ठेवावं लागतं. हे जिकिरीचं काम आहे, आणि ते दिसत नाही. उलट गोल्फची हिरवळ लांबूनही दिसते, त्यामुळे ती 'हरित' ठरते. नेमकं पाणी आणि खत पिऊन वाढणारं गवत हरित, आणि स्वतःच्या बळावर उभं राहिलेलं झुडूप पडीक, हा हिशेब दोन्ही देशांत सारखाच. विदर्भातल्या वाचकांना यावर अधिक सांगायला नको. महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या तिथल्या जमिनी जंगल आहेत की नाहीत, यावर आपण पिढ्यान् पिढ्या वाद घातला. आमच्या सरकारी मताप्रमाणे 'झुडपी' हा शब्द आला की पुढचा 'जंगल' आपोआप पुसट होतो.

तर लोक चिडले. उद्यानांच्या दारांशी फलक घेऊन जमले. इथे मात्र फ्लोरिडानं आम्हाला चकित केलं. सत्ताधारी पक्षाचेच लोक विरोधात उभे राहिले. तेव्हाचे दोन्ही सिनेटर, मार्को रुबिओ आणि रिक स्कॉट, दोघेही राज्यपालांच्याच पक्षाचे, आणि दोघांनीही योजनेवर टीका केली. आमच्याकडे मैदानासाठी सत्ताधारी आमदार स्वतःच्या पक्षाविरुद्ध बोलला, तर तो दुसऱ्या दिवशी कुठल्या पक्षात असेल याचे अंदाज सुरू होतात. तिथे तो त्याच पक्षात राहिला. सैनिकांच्या नावाच्या संस्थेनं तर सभांच्या आधीच्या रविवारी अंग काढून घेतलं. बुधवारी राज्यपाल रॉन डीसँटिस म्हणाले की योजना अर्धीकच्ची होती, आपण ती पाहिलीही नव्हती, मंजूरही केली नव्हती, आता पुन्हा पहिल्यापासून विचार होईल.

'मी ती पाहिलीच नव्हती' हे वाक्य आम्हाला फार आवडलं. एवढ्या एका बाबतीत दोन्ही लोकशाह्या समान पातळीवर आहेत.

घोषणेपासून माघारीपर्यंत जेमतेम दहा दिवस. आमच्या मुंबईतल्या आरेची रात्र आठवा. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयानं झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयानं थांबा म्हणेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडलेली होती, आणि आता आणखी पाडायची गरज नाही, असं सरकारनंच नम्रपणे सांगितलं. याला म्हणतात कार्यक्षमता. फ्लोरिडावाले मंगळवारच्या सभेची वाट बघत बसले. शुक्रवारची रात्र काय असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

सौम्य उपायही होते. मुंबई महापालिकेनं मैदानं आणि बागा संस्थांना 'दत्तक' देण्याचं धोरण २०१६च्या जानेवारीत मंजूर केलं. ओरड इतकी झाली की मुख्यमंत्र्यांना ते थांबवावं लागलं. पण कल्पना किती हृद्य आहे! आईबाप जिवंत असताना, धडधाकट असताना, पोर दत्तक द्यायचं, आणि दत्तक घेणाऱ्यानं त्याला कुंपण, फाटक आणि सभासद शुल्क लावायचं. पुण्याच्या हद्दीत आलेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे; काही टेकड्यांवर ते आरक्षण घरांना नंबर देऊन मोजावं लागतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २११ एकरांपैकी १२० एकरांत खरोखरच सार्वजनिक उद्यान होणार असं सरकारनं जाहीर केलं, तेव्हा मुंबईकरानं पहिला प्रश्न विचारला तो 'त्याच्या खाली काय बांधणार?' हा. सरकारनं इतकी वर्षं मेहनत करून जनतेला इथवर आणलं आहे. फ्लोरिडातला माणूस अजून 'उद्यान आमचं आहे' असं बिनदिक्कत म्हणतो, यातच त्यांच्या प्रशासनाचं अपयश आलं.

आणि आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. मे २०२५मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळानं एकमतानं संमत केलेल्या कायद्यावर त्याच राज्यपालांनी सही केली. राज्य उद्यानांत गोल्फ, टेनिस, पिकलबॉल, मोठी हॉटेलं असलं काही नको, असं तो कायदा सांगतो. ज्यांची योजना, त्यांचीच सही. (त्याच महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं विदर्भातली झुडपी जंगलं ही जंगलंच आहेत, असा निकाल दिला. स्क्रब-जेला कळवायला हरकत नाही.)

पण आमच्या इथल्या अनुभवी मंडळींनी निराश होऊ नये. २०११ साली जॅक निक्लस या नामवंत गोल्फपटूकडून राज्य उद्यानांत गोल्फ मैदानं करवून घ्यायचं एक विधेयक फ्लोरिडातच आलं होतं. त्यातही जोनाथन डिकिन्सन उद्यान होतं. तेव्हाही लोक ओरडले आणि विधेयक मागे घेतलं गेलं. तेरा वर्षांनी तोच प्रस्ताव, तेच उद्यान, फक्त नाव नवं आणि भोकं मोजून पंचेचाळीस. सरकारी नस्ती कधी मरत नाही, ती दप्तरी दाखल होते आणि साहेब बदलले की पुन्हा टेबलावर येते. कायदाही दुरुस्त करता येतो, त्यालाही अधिवेशन लागतं, बस्स.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावातल्या मैदानाविषयी, टेकडीविषयी किंवा बागेविषयी कुठल्याही कोपऱ्यात जाहीर सूचना दिसली, तर 'विकास', 'सुशोभीकरण' आणि 'हरित' हे तीन शब्द सापडतात का ते आधी बघा. सापडले तर हरकत लिहा, मुदतीच्या आत लिहा, दोन प्रती काढा, आवक-जावक खिडकीवर स्वतः जा आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.