टर्मिनलवरील पारायणाचा विधी

चित्रे, बटणे व माऊसची टिचकी यांपैकी कशाचाही आधार न घेता ज्या चौकटीत अक्षरांतच आज्ञा लिहावी लागते आणि अक्षरांतच उत्तर वाचावे लागते, तिला टर्मिनल म्हणतात. आणि लांबलचक मजकूर त्या चौकटीत मावेल तेवढाच दाखवून पुढची कळ दाबली जाईपर्यंत थांबून राहणाऱ्या आज्ञावलीस पेजर अशी संज्ञा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात लांबलचक मजकुराचे उदाहरण शोधण्यास फार हिंडावे लागत नाही. प्रवरेकाठी नेवासे येथे पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी सांगितलेली आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतलेली ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, पूर्ण झाली व आज ती साध्या मजकुराच्या फाइलच्या रूपातही वाचता येते. प्रस्तुत विधी सप्ताहासाठी पुण्याहून गावी आलेल्या, पारायणाला बसण्यास घरच्यांनी भाग पाडलेल्या आणि पोथीऐवजी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या संगणक अभियंत्यास उद्देशून सिद्ध केला आहे. हा वाचक ज्ञानी असतो; त्याला फक्त वाचता येत नाही.

प्रथम साधनाची निवड करावी. डॅनियल हाल्बर्ट यांनी 1978 मध्ये बर्कली येथे लिहिलेला ‘मोर’ हा पेजर आरंभी फक्त पुढे जाणारा होता. मागचे पान पुन्हा पाहण्याची सोय हवी म्हणून मार्क नुडलमन यांनी 1983 ते 1985 या काळात ‘लेस’ लिहिला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच चालतो. स्पेसची कळ दाबली असता एक पडदा पुढे जाता येते, ‘बी’ दाबली असता एक पडदा मागे. पोथीचे सुटे पान जसे उलटून ठेवले तरी हाताशीच राहते, तसाच हा प्रकार आहे. मात्र पोथी वाचणारा पान मागे घेतो, अभियंता घेत नाही, आणि ‘बी’ ही कळ त्याच्या लॅपटॉपवर केवळ नाव लिहिण्याच्या उपयोगाची उरते.

‘कॅट’ ही आज्ञा पारायणास वर्ज्य आहे. ती सगळा ग्रंथ एका श्वासात पडद्यावरून पळवते आणि तरीही ‘झाले वाचून’ असे म्हणणारे आढळतात.

आता गणित. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000. प्रत्येक ओवी दोन ओळींत मांडली आहे असे धरल्यास ओळी 18,000. टर्मिनलच्या परंपरागत 24 ओळींपैकी तळची एक पेजर स्वतःसाठी राखून ठेवत असल्याने एका पडद्यावर 23 ओळी, म्हणजे एकूण सुमारे 783 पडदे आणि सात दिवसांत रोजचे 112. हा हिशेब येथे नाइलाजाने दिला आहे, कारण तो दिला नाही तर अभियंता पहिल्या अध्यायातच तो करत बसतो. त्याला उणे चिन्ह आणि मोठा ‘एम’ हा पर्याय आधीपासून ठाऊक असतो, ज्याने तळाशी ओळींचे क्रमांक आणि वाचून झालेल्या भागाची टक्केवारी दिसू लागते. आणि एकदा ती दिसू लागली की त्याचे डोळे वरच्या ओव्यांवर कमी व खालच्या आकड्यावर अधिक खिळतात. शेजारी बसलेली आजी विश्वरूपदर्शनाने गहिवरलेली असते, हा चाळीस टक्क्यांनी. तळाची ओळ कागदाच्या पट्टीने झाकून घ्यावी, याहून प्रभावी उपाय आजवर सापडलेला नाही.

दिवसाचे वाचन संपवताना ‘बरोबर’ या चिन्हाची कळ दाबून ओळीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी ‘लेस’, मग अधिकचे चिन्ह व त्याला चिकटून तो क्रमांक, मग फाइलचे नाव अशी आज्ञा द्यावी, म्हणजे वाचन थेट तेथूनच सुरू होते.

लिपीविषयी मात्र विस्ताराने सांगणे भाग आहे. यूनिकोडच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि संगणकाची भाषाव्यवस्था, म्हणजे लोकेल, तशी लावलेली नसेल तर ‘क’च्या जागी कोनी कंसांत ई-शून्य, ए-चार, नऊ-पाच अशा तीन जोड्या उमटतात; लोकेल यूटीएफ-8 करताच हा उपद्रव शमतो. ज्या टर्मिनलला अक्षरांची जुळणी साधत नाही, त्यात लोकेल योग्य असूनही जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या शेजारघरी जातात. तेथे टर्मिनलच बदलावे. तिसरा उपद्रव मात्र असाध्य कोटीतला आहे. यूनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल उघडली असता पडद्यावर रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे आणि उद्गारचिन्हे यांचा काला दिसतो, कारण त्या फाइलमध्ये मराठी मुळात नसतेच, फक्त मराठीचा मुखवटा चढवायची रोमन अक्षरे असतात. आणि डीटीपीवाल्यास विचारले असता ‘फॉन्ट टाका, मग दिसेल’ एवढेच उत्तर मिळते. टर्मिनलमध्ये कुठला फॉन्ट टाकणार, कपाळ! गावोगावच्या स्मरणिका, वंशावळी आणि कीर्तनकारांची टिपणे अशा फाइलींत कोंडून पडली आहेत, हे येथे विषयांतर करूनही नोंदवले पाहिजे.

शोध घेण्याचा विधी सोवळ्याइतकाच कडक आहे. तिरकी रेघ दाबून शब्द लिहिला व एंटर दाबले की तो शब्द सापडतो आणि ‘एन’ने पुढचा, परंतु इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना तिरक्या रेघेच्या कळीतून ‘य’ निघतो आणि ‘एन’च्या कळीतून ‘ल’, ज्यांचा अर्थ पेजरला कळत नाही. म्हणून रेघ इंग्रजीत, शब्द मराठीत, एंटरनंतर पुन्हा इंग्रजी, हा क्रम मोडू नये. एवढे करूनही शब्द सापडला नाही तर त्यात न दिसणारे जोडचिन्ह दडले आहे काय, किंवा ‘ऱ’ हे एका चिन्हाने लिहिले आहे की ‘र’खाली नुक्ता देऊन, हे तपासावे; ही दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पेजरला नाही.

मोठा ‘एफ’ दाबला असता पेजर फाइलच्या शेवटी जाऊन नव्याने भर पडणाऱ्या ओळींची वाट पाहतो. सर्व्हरच्या नोंदी पाहताना ही सोय अमोल आहे. ज्ञानेश्वरीत नवी ओवी येण्याची वाट पाहत बसू नये.

‘व्ही’ या कळीपासून विशेष सावध राहावे. पेजर स्वतः मजकुरास हात लावत नाही, पण ‘व्ही’ दाबताच तीच फाइल संपादकात उघडते व वाचकाच्या अंगी शुद्धिकर्ता संचारतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये पाठभेद पाहून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी स्वतःची ओवी घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. ती ताकीद अभियंत्यालाही लागू आहे, त्याला ऱ्हस्वदीर्घाची कितीही कळकळ असली तरी.

अखेर मोठा ‘जी’. सातव्या दिवशी, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तिसऱ्याच दिवशी, ही कळ दाबून थेट पसायदानावर पोहोचण्याचा मोह होतो. परंतु पसायदान हा ग्रंथाचा अगदी शेवट नव्हे. त्याच्यानंतरही काही ओव्या आहेत, ज्यांत रचनेचे स्थळ, शक आणि लेखकाचे नाव येते. त्यामुळे ‘जी’ दाबणारा पसायदान ओलांडून पुढे पडतो, ते वरच्या कडेशी कापले गेलेले असते, आणि त्याला आयुष्यात प्रथमच ‘बी’ दाबावी लागते. येथे त्याच्याविषयी तक्रार राहत नाही. पसायदान त्याला शाळेपासून पाठ असते. मंडपात ते सुरू झाले की तो पडद्याकडे न पाहता सर्वांबरोबर म्हणतो आणि सुरातही म्हणतो. तेवढा वेळ त्याने ‘क्यू’ मात्र दाबू नये, कारण ती दाबताच बहुतेक टर्मिनलांत वाचलेले पान पुसले जाऊन मागची आज्ञेची ओळ परत येते, आणि शेजारच्या आजी चष्मा लावून त्याच पडद्यावरून म्हणत असतात.