कार्निव्हल पाहावा कसा? नवशिक्यांसाठी

आधी तारीख काढा. ईस्टरचा रविवार शोधायचा आणि तिथून 47 दिवस मागे यायचं. तो मंगळवार म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे अधिक महिना आणि क्षयतिथीत वाढलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, उपासाचा काळ लागतो, म्हणून त्याआधी खाणंपिणं आणि नाचणं उरकून घ्यायचं. आषाढी अमावास्येला आपल्याकडे काय चालतं ते आठवा, म्हणजे पुढचं समजावायला नको.

शनिवारी पणजीत रस्त्याकडेची जागा धरून किंग मोमोची वाट पाहा. वाट भरपूर पाहावी लागते. मग मुकुटधारी राजेसाहेब येतात आणि हुकूम सोडतात: खा, पिये आनी मजा कर. चार दिवसांची राजवट, एककलमी जाहीरनामा आणि शंभर टक्के अंमलबजावणी. पणजीत गादीवर बसलेल्या आणखी कुणाला हे जमल्याचं ऐकिवात नाही.

मागून चित्ररथ येतील. माडावर चढलेला रेंदेर किंवा रापण ओढणारे दिसले तर टाळ्या वाजवा. जाहिरातीचा फुगा दिसला तरी वाजवा. खर्च कुणीतरी केलेला असतो. मात्र ‘ही पोर्तुगीज काळापासूनची मिरवणूक’ असं सोबतच्यांना सांगू नका. सण पोर्तुगिजांबरोबर आला हे खरं, पण चित्ररथ आले 1965 मध्ये, गोवा मुक्त झाल्यावर. ते सुरू करण्याचं श्रेय तिमोतेओ फर्नांडिस यांना देतात. जुना इंत्रुज, म्हणजे पूर्वीचा कार्निव्हल, जरा आडदांड होता. पीठ किंवा भुसा भरलेल्या कागदी पुड्या एकमेकांवर फेकायच्या, वर रंगीत पाणी. ठेवणीतले कपडे घालून बाहेर पडणाऱ्याची जबाबदारी त्याची त्याच्यावर.

इथवर सगळेच येतात. आता गर्दी सोडा आणि सासष्टीतल्या एखाद्या गावात शिरा. तिथे अंगणात खेळ चालतात. खेळ म्हणजे गावकऱ्यांचं छोटं नाटक. ना पडदा, ना रंगमंच. कर्णा आणि ढोल वाजले की माणसं जमतात. बायकांची कामं परंपरेनं पुरुषांनीच करायची. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची मिजास, गावातली लफडी, कुणाच्या घरचं काय शिजतंय, सगळं गाण्यातून चव्हाट्यावर. वर्षभर जे तोंडावर बोलता येत नाही ते इथे बोलायची मुभा. हेच खेळ पुढे तिकीट लावून नाट्यगृहात गेले, पण अंगणातली मजा निराळी; ज्याची टिंगल चाललेली असते तो बरेचदा समोरच बसलेला असतो. कोंकणी कळत नसेल तर शेजारच्या आजींवर नजर ठेवा. त्या हसल्या की हसा. हसता हसता त्या तुमच्याकडे पाहू लागल्या, तर विनोद पाहुण्यांवर आहे; तरीही हसा.

सोमवारी चांदोरला जा. कदंबांच्या या जुन्या राजधानीत ख्रिस्ती गावकरी हातात मुसळं घेऊन मुसळ खेळ नाचतात. मुसळ उचलून बघू का, असं विचारू नका.

मंगळवारी रात्री पणजीत क्लब नॅशनलच्या लाल-काळ्या नाचाची तयारी. तिथे याच दोन रंगांचा मान. कपडे घरूनच घेऊन निघा. ऐनवेळी पर्यटकाला दुकानात फक्त फुलाफुलांचे शर्ट दाखवतात.