कपल पॅकेजच्या जनकांस खुले पत्र

प्रति,
माननीय सर,
परदेशी शिक्षण सल्लागार, ठाणे
(दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान)

स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, राग मानू नये. आमच्या घरात एकाने झोपायचं आणि एकाने जागायचं असं वेळापत्रक आहे. जागणाऱ्याला बहुधा अभ्यास असतो नाहीतर कामावर जायचं असतं, त्यामुळे आपले आभार मानायचे राहूनच गेले.

आठवतंय ना सर? टेबलावर पिसाच्या मनोऱ्याची छोटी प्रतिकृती होती. आपण कोऱ्या कागदावर हिशोब मांडलात. फी जवळजवळ शून्य. स्कॉलरशिप माणशी सात हजार युरो, दोघांचे चौदा. खोली एक, म्हणजे भाडं निम्मं. दुपारचं जेवण विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये. वजाबाकी करून आपण पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "शिकून वर पैसे उरतात. पण लग्न करून जा, फाइल मजबूत होते." साखरपुडा झाला होता, लग्न पुढच्या वर्षी होतं. आमच्या भिवंडीजवळच्या वळ गावात हळदीची तारीख भटजी काढतात. आमची सप्टेंबरच्या इनटेकने काढली. आमच्या आगरी हळदीला अख्खा गाव नाचला, आणि आपण आईस्क्रीम खाऊन उरलेला हप्ता घेऊन गेलात.

आता न्यायाने बोलायचं तर आपण धडधडीत खोटं काहीच बोलला नाहीत. इथल्या, म्हणजे इटलीतल्या, सरकारी विद्यापीठात फी खरोखरच घरच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरते; कुटुंबाचा तो आकडा, ज्याला इथे 'इझे' म्हणतात, २२ हजार युरोंच्या आत असला तर फी माफ. स्कॉलरशिपही खरी, बाहेरगावच्या विद्यार्थ्याला रक्कमही साधारण तेवढीच. आपण फक्त ते पैसे कधी येतात हे सांगायचं विसरलात. वळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गोदामांच्या गेटातून माल आज सुटतो आणि पेमेंट नव्वद दिवसांनी आलं तर पार्टी चांगली म्हणतात. मधले नव्वद दिवस कोणाच्या खिशातून जातात, यावरच धंदा तरतो किंवा बुडतो. आपल्या हिशोबाच्या कागदावर हे मधले दिवस नव्हतेच.

आम्ही सप्टेंबरात बोलोन्यात उतरलो. भाडं, डिपॉझिट, एजंटची दलाली, रजया, भांडी हे सगळं सप्टेंबरात. स्कॉलरशिपचा पहिला हप्ता नाताळच्या तोंडावर. दुसरा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, तोही पहिल्या वर्षाच्या मुलाने १० ऑगस्टपर्यंत २० क्रेडिट मिळवली तर. नोव्हेंबरअखेरही ती झाली नाहीत तर घेतलेले पैसे परत. आणि चौदा हजार? यादीत माझं नाव लागलं. नवऱ्याच्या नावापुढे जे लिहिलं होतं त्याचा अर्थ होतो 'पात्र, पण लाभार्थी नाही'. ते वाचल्यावर मला परदेशात आल्यासारखं वाटेना, तलाठी कार्यालयाच्या फलकासमोर उभं असल्यासारखं वाटलं.

तलाठ्यावरून सातबारा आठवला. सर, या सातबाऱ्यासाठी आपला सत्कार व्हायला हवा. व्हिसाच्या फाइलला वजन यावं म्हणून आपण माझ्या सासऱ्यांकडून होते नव्हते तेवढे उतारे मागवलेत. "जमीन दिसली की कॉन्सुलेट खूश." भाताची शेती गेली, शेड आली, शेडचं भाडं आठ वारसांत वाटलं जातं, हे तुम्हाला चहा पिताना सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत. मग तीच फाइल, तेच उतारे, तेच शिक्के आपण स्कॉलरशिपसाठीही जोडून दिलेत. म्हणजे माझे सासरे व्हिसाच्या खिडकीवर श्रीमंत होते आणि स्कॉलरशिपच्या खिडकीवर त्याच कागदांनी त्यांनी गरीब व्हायचं होतं.

इथे इझेचा हिशोब करून देणारी कर-सल्ला केंद्रं असतात. आमच्यासमोरच्या मुलीने भाषांतर केलेला सातबारा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मयत आजोबा, त्यांच्याखाली चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, एक अज्ञान पालनकर्त्यासह. तिने विचारलं, हे सगळे तुमच्या कुटुंबातले का? नवऱ्याने अभिमानाने हो म्हटलं. झालं. परदेशातल्या बांधकामाचा भाव इथे ठरलेला असतो, चौरस मीटरला ५०० युरो. मग ते मलबार हिलवरचं असो की वळमधली पत्र्याची शेड असो. दहा हजार चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस मीटर. तिने गुणाकार केला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली: ४ लाख ६४ हजार ५०० युरो. पावसाळ्यात जिच्या पन्हाळीखाली बादल्या लावतात ती शेड! आमचा त्यात आठवा हिस्सा आहे हे सिद्ध करायला सासऱ्यांना प्रतिज्ञापत्र, नोटरी, ॲपोस्टील आणि इटालियन भाषांतर, एवढं सगळं शेवटच्या तारखेच्या आत करावं लागलं. त्यातला अर्धा वेळ ते कशेळीच्या पुलाआधी कंटेनरमागे उभे होते. आपल्याला फोन केला तेव्हा आपण सेमिनारमध्ये होतात.

खोलीबद्दल वेगळं लिहावं लागेल. 'खोली एक, भाडं निम्मं' या वाक्याला तर मी फ्रेम करणार होते. बोलोन्यातल्या भाड्याच्या जाहिरातींत एक ओळ वारंवार भेटते: जोडपी नकोत. विद्यार्थिनी चालतील, नोकरदार चालतील, मांजरही चालेल, जोडपं नको. दोन माणसं एका खोलीत आली की पाणी, गॅस, बाथरूमची रांग, सगळं वाढतं. मुंबईत लग्न न झालेल्या जोडप्याला घर मिळत नाही, तुमच्या कृपेने आम्हाला लग्न झाल्यामुळे मिळेना. एका घरमालकिणीला मी समजूत घालायला मंगळसूत्र दाखवलं, तर ती म्हणाली, छान आहे, पण पलंग एकाचाच आहे. तसं बघितलं तर हाल इटालियन मुलांचेही आहेतच. २०२३च्या मे महिन्यात मिलानमध्ये इलारिया लामेरा नावाच्या विद्यार्थिनीने परवडणारी खोली मिळेना म्हणून आपल्या विद्यापीठासमोर तंबूच ठोकला होता आणि मग गावोगावच्या विद्यापीठांपुढे तंबू उभे राहिले. ही बातमी जगभर गेली. दुसऱ्या मजल्यावर पोचली नसावी.

शेवटी आम्ही दोन महिने दोन घरांत राहिलो. मी मुलींच्या फ्लॅटमध्ये, तो मुलांच्या. नवी नवरी, नवा नवरा, आणि भेटायची जागा सुपरमार्केट. कपल पॅकेजमध्ये हे नेमकं कुठल्या कलमात येतं?

मला अधूनमधून आनंदीबाईंची आठवण येते. आमच्या शेजारच्या कल्याणच्या. १८८३ साली त्या अमेरिकेला डॉक्टर व्हायला एकट्याच गेल्या, गोपाळराव मागाहून पोचले. तेव्हा आपलं ऑफिस नव्हतं, त्यामुळे त्यांना फाइल मजबूत करून घेता आली नाही. बिचाऱ्या तशाच १८८६ साली पदवी घेऊन मोकळ्या झाल्या. गोपाळराव पोस्टातले. ते इथे असते तर त्यांना घरच्यासारखं वाटलं असतं, कारण इटलीत राहण्याच्या परवान्याचा अर्जसुद्धा पोस्टातच करायचा असतो, उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांत. पोस्टातून पाकीट घ्यायचं, तंबाखूच्या दुकानातून १६ युरोचं तिकीट आणून चिकटवायचं, रांगेत उभं राहायचं, पावती घ्यायची. बोटांचे ठसे द्यायची तारीख त्या पावतीवर असते, आणि ती वाचून आम्ही आधी महिना चुकीचा छापला असेल असं समजलो. व्हिसा संपल्यावर नुसत्या त्या पावतीवर शेजारच्या ऑस्ट्रियातही जाता येत नाही. आपल्या माहितीपत्रकावर 'शिकता शिकता २७ देश फिरा' असं आहे. माझं कार्ड हातात आलं तेव्हा त्याची मुदत संपत आली होती, म्हणून आम्ही पुन्हा पोस्टात फिरून आलो.

आडनावाचंही असंच. 'कपल फाइल'साठी आपण माझा पासपोर्ट सासरच्या नावाने करून घेतलात. इटलीत लग्नानंतर बाईचं कागदोपत्री आडनाव बदलतच नाही! त्यामुळे गुणपत्रिकेवरची मी आणि पासपोर्टवरची मी या दोन वेगळ्या बाया नाहीत, हे खिडकीखिडकीवर पटवावं लागतं. आरोग्य सेवेच्या नोंदणीचं तर बोलतच नाही. २०२४पासून विद्यार्थ्याला वर्षाला ७०० युरो झालेत. आपल्या पत्रकात अजून दीडशे आहेत. जुना स्टॉक असेल.

आता मुख्य गोष्ट. सर, आपण आम्हाला गावाची आठवण येऊ दिली नाहीत याबद्दल आभार मानते. नवरा वळमध्ये एका ऑनलाइन कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होता. इनवर्ड, आउटवर्ड, डॉकवर लागलेल्या गाड्या, रात्रपाळी. आपल्याला तो म्हणाला होता, या शटरच्या आवाजातून बाहेर पडायचंय. आपण म्हणालात, बेटा, युरोप.

बोलोन्याच्या उत्तरेला बेंतिवोल्यो गावापाशी 'इंटरपोर्तो' आहे. माणकोलीपासून दापोड्यापर्यंतची गोदामं कोणी झाडून, रंगवून, सरळ रेषेत मांडली आणि मधोमध रेल्वेचे रूळ घातले, तर ते दिसेल. विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास काम करायची परवानगी असते. त्या वीस तासांसाठी तो तिथे जातो. बारकोडची गन, पॅलेट, शटर. पहिल्या रात्री एका विशीतल्या पोराने त्याला पॅलेटला स्ट्रेच फिल्म कशी गुंडाळायची ते शिकवलं. नवरा गप्प राहिला. मग त्याने तळाला लाकडासकट दोन वेढे घेतले, कोपऱ्यावर फिल्मला पीळ दिला आणि वर चढला, जसं आमच्याकडे पावसाळ्यात करतात तसं. पोरगा बघत राहिला. फोर्कलिफ्टवरचे सरदारजी हसले. या बाजूला पंजाबी बरेच आहेत, नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे आणि पार्मेजान चीजच्या गोठ्यांत तेच राबतात. ते म्हणाले, "तू नवा नाहीस." नाहीच सर. फक्त पूर्वी त्याच्या हाताखाली माणसं होती आणि दुपारी डबा गरम यायचा. सकाळी तो घरी येतो तेव्हा मी लेक्चरला निघालेली असते. दाराशी किल्ली हातातून हातात जाते. याला आपण 'क्वालिटी टाइम विथ पार्टनर' म्हटलं होतंत.

बरं, आम्हाला इथलं काहीच आवडत नाही असंही नाही. उलट राग याचा येतो, की विकण्यासारखं जे खरोखर होतं ते आपण विकलंच नाहीत. दोघांना एका छत्रीची गरज पडू नये म्हणून या शहराने पदपथांवर कमानीच कमानी बांधल्या आहेत. शहराच्या मध्यातच अडतीस किलोमीटर, २०२१ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. मुसळधार पावसात कोरडं चालत वर्गात जाता येतं, हे भिवंडीच्या माणसाला सांगितलं असतं तर त्याने फी दुप्पट दिली असती. परीक्षा बऱ्याचदा तोंडी असते, तीसपैकी अठराला पास, आणि मार्क पसंत नसले तर नाकारून पुन्हा बसता येतं. घराघरात बिडे, म्हणजे पाण्याने धुवायचं भांडं, असतो, १९७५च्या नियमात तसं लिहिलेलंच आहे. आपल्या लोकांची युरोपबद्दलची सगळ्यात मोठी धास्ती त्याने एका झटक्यात संपते. आणि बांगलादेशी दुकानात सुके बोंबील मिळतात! ते पाकीट सापडलं त्या रविवारी आम्ही दोघंही सुट्टीवर होतो. तांदळाचं पीठही त्याच दुकानात मिळालं. भाकरी थापली, बोंबील भाजले. संध्याकाळी लिफ्टमध्ये सोसायटीची सूचना लागली होती, स्वयंपाक करताना खिडक्या बंद ठेवाव्यात. नवऱ्याने ती वाचली आणि म्हणाला, उघडल्या तर बाहेर वास जातो, बंद केल्या तर जिन्यात; यांना नक्की कुठे हवाय?

असो. हे सगळं मनातच राहिलं असतं. पण गेल्या आठवड्यात दिराने अंजूर फाट्यावरचा फोटो पाठवला. एका बाजूला भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स, दुसऱ्या बाजूला आपलं, आणि त्यावर आम्ही. कमानीखाली उभे, बॅगा बाजूला, उतरल्या दिवशी आईला पाठवलेला फोटो. तो आपल्यापर्यंत कसा पोचला ते विचारत नाही. वर लिहिलंय: 'वळची जोडी इटलीत सेट! तुम्ही कधी?' तेव्हापासून फोन थांबत नाहीत. काल्हेरच्या एका काकांनी मुलीसाठी आपल्याकडे टोकन भरलंय, आणि ते मला विचारतात की मुलगा लवकर बघावा का.

सर, फ्लेक्स काढा असं मी म्हणत नाही. एवढे पैसे घातलेत. खाली थोडी जागा आहे, तिथे बारीक अक्षरात छापून घ्या. पहिला हप्ता नाताळात. जोडपी नकोत. पत्र्याची शेड चौरस मीटरला ५०० युरो. दवाखाना ७००, दोघांचे १४००. गोदामातला अनुभव असल्यास प्राधान्य. काल्हेरच्या काकांना मी हेच सांगितलंय, आणि टोकन परत मागायला ते सोमवारी येतील. त्यांच्यासोबत माझे सासरेही असतील, सातबारा घेऊन. लिफ्ट बंद असली तरी दोन मजले ते आरामात चढतात.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा आवरावा.

आपली,
फ्लेक्सवरची डावीकडची
(मूळ गाव वळ, ता. भिवंडी, जि. ठाणे, हल्ली मुक्काम बोलोन्या)