सदर संगणक वारंवार बंद पडल्यास करावयाची कार्यवाही

घरातला संगणक वारंवार बंद पडू लागला, तर सर्वप्रथम घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलवावे आणि विचारावे, "शेवटचा हात कोणी लावला होता?" या प्रश्नाने संगणक सुरू होत नाही. परंतु बिघाड कुठे आहे हा मुद्दा दुय्यम असून गुन्हा कोणाचा हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरेपर्यंत कोणीही स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये, असा आमच्या घरचा प्रघात आहे. पुढील सूचना त्या प्रघातातूनच सिद्ध झाल्या आहेत. (हे वाक्य लिहून लगेच कंट्रोल-एस दाबले आहे. आपणही तसेच करीत जावे.)

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. मी आमच्या आठ बिऱ्हाडांच्या सोसायटीचा खजिनदार. ऑफिसातून आलो की चहा घेऊन मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये भरतो. एक्सेल दर १० मिनिटांनी आपणहून एक प्रत राखून ठेवते. आमचा संगणक नेमका नवव्या मिनिटाला मान टाकत असे. सलग तीन आठवडे मी तोच हिशेब भरत होतो. वार्षिक सभेत "संगणक बंद पडतो" हे कारण खजिनदाराने सांगितले, की सभासद एकमेकांकडे कसे बघतात, ते मी इथे सांगत बसत नाही.

प्राथमिक पंचनामा

"संगणक गेला" एवढी फिर्याद पुरेशी नाही. कसा गेला, हे लिहून घ्यावे. निळा पडदा येऊन गेला असेल, तर मयताला मृत्युपूर्व जबाब देण्याइतका वेळ मिळाला होता असे समजावे. त्या पडद्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक संकेत असतो. 'मेमरी मॅनेजमेंट' असे काही असल्यास संशय रॅमवर, एखाद्या फाइलचे नाव शेवटी .एसवायएस असे येत असल्यास बहुधा ड्रायव्हरवर. आपल्याकडे हा जबाब कोणी वाचत नाही. घाबरून आधी बटण दाबले जाते. तसे न करता मोबाइलवर फोटो काढावा.

माउसचा बाण जागच्या जागी थिजला आणि पेटीतला लाल दिवा नुसताच जळत राहिला, तर हार्ड डिस्कची नाडी बघावी आणि मुंज-लग्नाचे फोटो त्याच रात्री दुसरीकडे हलवावेत. उरला तिसरा प्रकार. काहीही न बोलता, न लिहिता, खटकन अंधार. यात दोनच संशयित : उष्णता किंवा वीज. आमचे प्रकरण या वर्गातले होते, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट होते. तरीही पुढचे तीन आठवडे आम्ही ते मान्य केले नाही, कारण या दोन्ही संशयितांना हॉलमध्ये बोलावून उभे करता येत नाही.

निळ्या पडद्याबाबत एक खुलासा. २०१२ साली विंडोज ८ पासून त्यावर रडवेला चेहरा आला, २०१६ मध्ये क्यूआर कोड आला, आणि २०२५ मध्ये विंडोज ११ वर तो पडदा काळाच झाला. त्यामुळे "निळा होता की काळा?" या उलटतपासणीला आता पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही. "त्यावर अक्षरं होती का?" असे विचारावे. आणि दोष दर वेळी घरातच असतो असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा प्रणालीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी निळे पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्या दिवशी आमचा संगणक उत्तम चालू होता. हे मी बरेच दिवस लोकांना सांगत असे.

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक डायरी असते. खटकन गेलेल्या संगणकाची नोंद तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी सापडते. मोठ्या आशेने ती उघडावी. तिचा सारांश एवढाच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे कारण म्हणून 'मृत्यू' लिहावे, तसे. मात्र तिथली वेळ मोलाची असते. ती कागदावर उतरवून घ्यावी. मी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवत गेलो, आणि विसरून गेलो.

संशयितांचे जबाब

जबाब वेगवेगळे घ्यावेत. एकत्र घेतल्यास जुनी प्रकरणे बाहेर येतात.

मुलगा म्हणाला, "मी फक्त अभ्यास करतो त्याच्यावर." अभ्यासाचा आवाज गोळीबाराचा का येतो, या प्रश्नावर तो गप्प राहिला. ही गोष्ट अगदीच गैरलागू नाही. गेममुळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तापतात, आणि हिशेबात न पडणारा संगणक गेममध्ये पडत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो. आमचा मात्र हिशेबातही पडत होता. मुलाची जामिनावर सुटका झाली.

आईचा जबाब असा : "अरे, मी त्याला हातसुद्धा लावत नाही. रोज फक्त पुसते." कशाने, असे विचारता, "ओल्या फडक्याने. मग काय कोरड्याने धूळ निघते?" तिने एक निरीक्षणही नोंदवले. "गुरुवारी बघ कसा गुमान चालतो. दत्तमहाराजांचा वार." हे निरीक्षण मी अवैज्ञानिक ठरवून जबाबातून वगळले. तपास अधिकाऱ्याने अशी चूक करू नये.

बायको म्हणाली, "अहो, त्या दिवशी 'अपडेट नंतर करू' असं कोण म्हणालं होतं?" चौकशी तिथेच तहकूब झाली.

पेटी उघडणे

ज्या पेटीला घरोघरी 'सीपीयू' म्हणतात तिचे खरे नाव कॅबिनेट. खरा सीपीयू आत, काडेपेटीएवढा, पंख्याखाली दडलेला असतो. पण दुकानदारही कॅबिनेटला सीपीयूच म्हणतात, तेव्हा वाद घालू नये.

पेटीवरचे कव्हर आधी काढावे. आमच्याकडे ते आईने स्वतः विणलेले, क्रोशाचे, कडेला मोर असलेले होते. दोन्ही बाजूंच्या जाळ्या त्याने पूर्ण झाकल्या जात. पेटी देवघराशेजारी असल्याने उदबत्तीचा धूर पुढून आत शिरे आणि मोरामुळे मागून बाहेर पडत नसे. आतली धूळ म्हणूनच साधी नव्हती. चिकट, काळसर, किंचित चंदनाच्या वासाची होती. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आधी आपला वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर जीव वाचवण्यासाठी तडक बंद पडतो. म्हणून धूळ काढणे हे काम खरोखर करण्यासारखे आहे. वायर भिंतीतून काढावी, मऊ ब्रशने पाती झाडावीत, ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली असल्यास पुसून नवी लावावी. वाटाण्याएवढी पुरते. श्रीखंडासारखी चोपडू नये.

त्यानंतर रॅम. ती काढण्याआधी पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मग मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन रॅमच्या सोनेरी दातांवर हलकेच फिरवावा. हा उपाय ऐकायला आजीबाईच्या बटव्यातला वाटतो, पण पावसाळ्यानंतर दातांवर बसलेला थर त्याने खरोखर निघतो, आणि कित्येक संगणक एवढ्यावर उभे राहिलेले आहेत. खोडरबराचे कण झटकावेत. रॅम परत बसवताना दोन्ही खटके 'टक्' म्हणाले पाहिजेत. एकच म्हणाला, तर संगणक सुरू न होता बीप-बीप करतो आणि घरातले लोक म्हणतात, "आधी निदान सुरू तरी होत होता."

मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेलही याच वेळी बघून घ्यावा. त्यावर सीआर२०३२ लिहिलेले असते; २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हा संपला की संगणक बंद पडत नाही, पण दर वेळी सुरू होताना एखाद्या जुन्या साली जागा होतो, आणि मग बँकेपासून वीजबिलापर्यंत प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याची तक्रार करतो. आमचा सेल ठणठणीत निघाला. बदलला तरीही, कारण आणून ठेवला होता.

आत किडे सापडल्यास नवल वाटून घेऊ नये. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग तिथल्या लोकांनी चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला. ती वही अमेरिकेत संग्रहालयात आहे. आमच्या पेटीत एक झुरळ निघाले. मी ते वहीत चिकटवण्याचा प्रस्ताव मांडला, तो एकमताने फेटाळण्यात आला.

तज्ज्ञाचे आगमन

एवढे होऊनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संगणक गेला. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा बोलावला. तज्ज्ञ बोलावताना एक नियम लक्षात ठेवावा : तज्ज्ञ दारात असताना संगणक कधीही बंद पडत नाही. तो दुपारी चार वाजता आला, अर्धा तास बसला, चहा प्याला. संगणक आदर्श विद्यार्थ्यासारखा वागला. शेवटी त्याने आपल्या व्यवसायातले महावाक्य उच्चारले, "काका, फॉरमॅट मारून टाकू." विंडोज करप्ट झाले असावे, नसल्यास व्हायरस असावा, तोही नसल्यास एसएमपीएस (पेटीतला वीज पुरवणारा डबा) उडत असावा, असा त्याचा क्रम होता. त्याच्यावर माझा राग नाही. खटकन जाणाऱ्या संगणकात एसएमपीएसवर संशय घेणे रास्तच आहे, फक्त तो त्याने तिसऱ्या क्रमांकावर ठेवला होता. फॉरमॅट मारला. सगळे प्रोग्राम पुन्हा टाकले. प्रिंटर अजून सापडलेला नाही.

आणि त्याच संध्याकाळी संगणक गेला.

या टप्प्यावर वाचकाने टेबलाखाली बघावे. तिथे यूपीएस असतो. सर्वांचे जबाब झाले, पण त्याचा कोणी घेतला नव्हता, कारण तो संरक्षण खात्यातला. पहारेकऱ्यालाच चोरीबद्दल विचारणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही. खरे तर तो महिनाभर कुई कुई करून काहीतरी सांगत होता. अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून मुलाने त्यावर उशी ठेवली होती.

प्रकरण फुटले ते दुधाच्या हिशेबावरून. महिना संपला, बायको कॅलेंडरसमोर पेन घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "या चौकटींत हे काय खरडून ठेवलंय? खाडे कुठे लिहू मी?" प्रत्येक चौकटीत माझ्या अक्षरात वेळ होती. ७.१२. ७.१०. ७.११. ७.१२. गुरुवारच्या चौकटीत मात्र माझे काहीच नव्हते. तिथे तिच्या अक्षरात लिहिलेले होते, 'पाणी नाही'. आमच्या भागात गुरुवारी नळाला पाणी नसते.

तेवढ्यात खालून गुरगुराट आला. मुलगा म्हणाला, "बाबा, मोटर." पाठोपाठ संगणक गेला.

वॉचमन रोज सातच्या पुढे वरची टाकी भरायला दीड हॉर्सपॉवरची मोटर लावतो, पाणी असेल त्या दिवशी. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते, इमारतीतला दाब तेवढ्यापुरता खाली जातो, दिवे मिचकतात. यूपीएसला वाटते वीज गेली. तो कर्तव्यतत्परतेने बॅटरीवर जातो. बॅटरी मेलेली असते. मग तो, आणि त्याच्या भरवशावर असलेला संगणक, दोघेही बसतात. यातली गंमत पुढे आहे. यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीत लावला, तेव्हा मोटर सुरू झाली, दिवा मंदावला, संगणक चालूच राहिला. आजकालचे बरेचसे एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात; एवढा हलका धक्का ते सहज पचवतात. त्याला मारत होता तो पहारेकरीच.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. यूपीएसमधून संगणक काढून त्याजागी साधा टेबललॅम्प लावावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. दिवा लगेच विझला, तर बॅटरी गेली. ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची असते, स्कूटरच्या बॅटरीसारखी दिसते, आणि साधारण दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. आमची कधी घेतली होती, यावर घरात तीन मते निघाली आणि पावती एकही निघाली नाही.

आईला मी सगळे समजावून सांगितले. मोटर, दाब, बॅटरी. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे गुरुवारी चालत होता, हे खरं ना?" मोराचे कव्हर आता यूपीएसवर घातले आहे, जाळी सोडून.

नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने मोठ्या अक्षरात लिहावी, म्हणजे पुढच्या वेळी घरातल्या निरपराध माणसांना त्रास होत नाही. आम्ही लिहिली. त्यानंतर मार्कर जागेवर सापडत नाही. सर्वांना हॉलमध्ये बोलावले आहे.