कोपर : एक राजकीय अवयव

कोपर म्हणजे दंड आणि मनगट यांच्यामधला सांधा. शरीरशास्त्रात त्याचे काम हात दुमडण्याचे आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत त्याचे काम दुसऱ्याने धरण्याचे आहे. नेता गाडीतून उतरताना, मंडपाच्या पायऱ्या चढताना, सोफ्यावर बसताना आणि मुख्य म्हणजे सोफ्यावरून उठताना हा सांधा दोन्ही बाजूंनी धरला जातो. साठी उलटली की तो नेत्याची खासगी मालमत्ता राहत नाही, पक्षाच्या खात्यावर जमा होतो. निवडणुकीच्या अर्जासोबत जोडायच्या नमुना २६ मध्ये जंगम मालमत्तेखाली मात्र त्याची नोंद सापडत नाही. ही त्या नमुन्यातील पहिली उणीव. दुसरी पुढे येईल.

नेत्याला कोपरे दोन असली तरी त्यांची किंमत सारखी नसते. सामान्य समजूत अशी की उजवे कोपर मानाचे. ते जुन्या, निष्ठावंत, तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याकडे असते, कारण त्याला दुसरे काही द्यायचे राहून गेलेले असते. जाणकार मात्र कोपराचा भाव कानावरून ठरवतात. ज्या बाजूच्या कानाला ऐकू येते, त्या बाजूचे कोपर मोलाचे. रस्त्याचे काम, बंधाऱ्याचे काम, शाळेच्या दोन खोल्या, बदली, बोअरचे कनेक्शन हे सगळे त्या बाजूने आत जाते. दुसऱ्या बाजूला उभा असलेला माणूस दहा वर्षे बोलत राहतो आणि नेता दहा वर्षे मान हलवतो. कोणता कान चालतो हे नेत्याच्या घरच्यांना ठाऊक असते, डॉक्टरांना ठाऊक असते, आणि त्या दोघांच्या आधी ठेकेदाराला ठाऊक असते. मतदाराला ते कधीच कळत नाही. त्याने अर्ज कोणत्या बाजूने दिला होता यावर त्याच्या चारीला पाणी आले की नाही ते ठरते.

कोपराची खरी परीक्षा दशक्रियेच्या घाटावर होते. शिरूर घोडनदीच्या काठी आहे, गावाचे जुने नावही घोडनदीच. दौंड भीमेच्या काठी. नदी आली की घाट आला, घाट आला की पायऱ्या आल्या, आणि या भागात दहाव्याला न जाणारा नेता पुढच्या निवडणुकीत दिसत नाही. एका सकाळी तीन घाट करणे हा प्रकृतीचा किमान दाखला मानला जातो. पायऱ्या उतरताना उजवा, डावा, पुढे एक आणि मागून शर्टाला हात लावलेला एक, अशी चार माणसे लागतात. पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवून गेलेला असतो, नातेवाईक उन्हात बसलेले असतात आणि निवेदक माइकवरून सांगत असतो की साहेब न्हावऱ्याच्या पुढे आलेत. पोहोचल्यावर साहेब मृताच्या साध्या राहणीचा आणि परखड स्वभावाचा उल्लेख करतात. मृत माणूस तंबाखूचा व्यापारी होता की शाळामास्तर, हे कोपर धरणाऱ्याने पायरी उतरताना कानात सांगितलेले असते. कान चुकला तर मास्तरांच्या तंबाखूला श्रद्धांजली वाहिली जाते. कोणी हसत नाही, कारण दहाव्याला हसायचे नसते.

कोपर धरणाऱ्यांची एक परंपरा आहे. धरणारा हा मुळात युवक असतो. युवक आघाडीचा तालुकाध्यक्ष म्हणून त्याने पहिल्यांदा कोपराला हात लावला, तेव्हा त्याचे लग्न व्हायचे होते. आता त्याच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या गेल्या आहेत आणि तो अजून युवक आहे. केस काळे आहेत, म्हणजे केले जातात. कोपर सोडले तर जागा जाते, म्हणून पंचवीस वर्षे त्याने हात बाजूला घेतलेला नाही. दरम्यान त्याचे स्वतःचे गुडघे गेले. आता साहेबांना धरून पायऱ्या चढताना त्यालाच धरावे लागते, म्हणून त्याचे कोपर धरायला एक नवा युवक नेमला आहे. हा नवा युवक बेचाळीस वर्षांचा असून त्याला मणक्याचा पट्टा आहे. त्याच्या मागे पतसंस्थेचा एक संचालक असतो, संचालकाच्या मागे सोसायटीचा सचिव, सचिवाच्या मागे हार सांभाळणारा पोरगा. सगळ्या साखळीत स्वतःच्या पायावर उभा असलेला तेवढाच, आणि त्याला मताचा अधिकार यायला अजून दोन वर्षे आहेत. एखाद्या पायरीवर साहेब थबकले की थबकणे साखळीतून मागे मागे जाते आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या सातव्या गाडीचा ड्रायव्हर विनाकारण ब्रेक दाबतो. या रचनेला पक्षाच्या भाषेत दुसरी फळी म्हणतात. दुसऱ्या फळीतून नेतृत्व पुढे का येत नाही, असा प्रश्न पुण्यातले अभ्यासक अधूनमधून विचारतात. दुसऱ्या फळीचे दोन्ही हात गुंतलेले आहेत, एवढेच त्याचे उत्तर.

प्रकृती तपासण्याची सवय या दोन तालुक्यांना नाही असे नव्हे. दौंड जंक्शनवरून गाडी पुढे नेणाऱ्या लोको पायलटची वयाच्या ४५ वर्षांपर्यंत दर ४ वर्षांनी, ५५ पर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. हिरवा आणि लाल यांतला फरक त्याला कळतो का, हेही पाहिले जाते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वाहन परवान्यासाठी डॉक्टरच्या सहीचा नमुना १-अ लागतो, मग तो स्कूटीवरून फक्त पिठाच्या गिरणीपर्यंत जाणार असला तरी. संकलन केंद्रावर दूध आले की आधी फॅट लागते, मग एसएनएफ. साडेतीन आणि साडेआठच्या खाली गेले की दर कापला जातो, आणि गायीचा दूध सोसायटीशी तीस वर्षांचा घरोबा आहे हे कारण तिथे चालत नाही. भीमेपलीकडे काष्टीच्या बाजारात बैल घेणारा आधी त्याचा जबडा उघडतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला असे वय दातांवरून सांगितले जाते आणि ते बैलाच्या मालकाला अपमान वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींची वाट मोकळी केली, तीही अटी घालून. शर्यतीच्या घाटात बारी धरण्याआधी बैलाला पशुवैद्यकाचा दाखला लागतो. ज्याने तेरा-चौदा सेकंद पळायचे त्याला दाखला, ज्याने पाच वर्षे चालवायचे त्याला शाल.

कायद्याकडे पाहिले तर वयाची अट एकाच टोकाला आहे. ग्रामपंचायतीसाठी २१, विधानसभेसाठी २५, विधान परिषदेसाठी ३० वर्षे पूर्ण हवीत. वरच्या टोकाला काही नाही. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी घरी जातो, सर्वोच्च न्यायालयाचा ६५ व्या वर्षी. ज्या कायद्यांचा अर्थ त्यांनी लावायचा ते करणाऱ्याला घरी जाण्याची तारीख नाही. रोममध्ये थोडे वेगळे आहे. १९७० च्या नियमाने ८० वर्षे पूर्ण केलेल्या कार्डिनलला पोप निवडताना मत देता येत नाही, मात्र तो स्वतः निवडून येऊ शकतो. आपल्याकडे मत देण्यालाही वरची मर्यादा नाही आणि घेण्यालाही नाही.

प्रकृतीबाबत घटनेच्या १९१ व्या कलमात एकच अट सापडते. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती आमदार राहू शकत नाही. त्याअलीकडचे सर्व काही चालते. नमुना २६ मध्ये उमेदवार वय लिहितो, शिक्षण लिहितो, दाखल गुन्हे, सोने किती ग्रॅम, जमीन कोणत्या गटात, पत्नीच्या नावे काय, मागील पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरण, सगळे लिहितो. प्रकृतीचा रकाना त्यात नाही, आणि हीच दुसरी उणीव. ग्रामपंचायत सदस्याची चौकशी याहून खोल जाते. त्याच्या घरी शौचालय आहे का आणि तो वापरतो का, हे विचारले जाते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले असेल तर सदस्यत्व जाते. थोडक्यात, पाळण्यापासून शौचालयापर्यंत कायद्याची नजर फिरते, पण रक्तदाब मोजण्याइतका वेळ तिला मिळालेला नाही.

शिरूर तालुक्यातील एकाच पुढाऱ्याची हाडे शास्त्रीय पद्धतीने तपासली गेली आहेत. घोडनदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले आणि तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथे प्रौढ माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडण्याची रीत होती. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून असेल, असे अभ्यासकांना वाटते. मात्र वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला एक पुरुष मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. घराला लागून धान्याचे कोठार होते, त्यामुळे तो गावप्रमुख असावा असा तर्क केला जातो. सामान्यांचे पाय तोडायचे आणि प्रमुखाचे राखायचे, ही पद्धत तालुक्यात बरीच जुनी दिसते. आधार देण्याचे काम तेव्हा रांजणाच्या चार पायांकडे होते. आज ते चौघांकडे आले, एवढाच काय तो बदल.

जिवंतपणी नेत्याच्या प्रकृतीविषयी जी माहिती मिळते ती तीनच वाक्यांत असते. साहेबांची प्रकृती ठणठणीत आहे. साहेब नियमित तपासणीसाठी दाखल झाले आहेत. कार्यकर्त्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. पहिले वाक्य आले की दुसऱ्याची तयारी ठेवावी, आणि तिसरे आले की दहाव्याच्या मंडपवाल्याला फोन जातो. या नियमाला एक अपवाद आहे. चौकशीची नोटीस हातात पडली की त्याच ठणठणीत छातीत अर्ध्या तासात कळ येते, आणि मग रक्तदाब, साखर, पाठ, गुडघे, सगळे दस्तऐवजांसह बाहेर येते. निवडणुकीच्या वर्षात जो माणूस तीन घाट उतरतो त्याला नोटिशीच्या दिवशी एक जिना उतरवत नाही. वैद्यकशास्त्राने या दुखण्याकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

आणि ज्यांच्या वयाची, प्रकृतीची, फार काय जिवंत असण्याचीही चौकशी दरवर्षी बिनचूक होते, ती माणसे वेगळीच आहेत. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. भीमेच्या पट्ट्यातल्या एखाद्या वाडीवरची आजी त्यासाठी आधी फाट्यापर्यंत चालते, मग वडापच्या जीपमध्ये अर्धी आत अर्धी बाहेर बसते आणि तालुक्याच्या गावी उतरते. जन्मभर ऊस खुरपून तिच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे मशीनवर अंगठा उठत नाही. अंगठा उठला नाही म्हणजे आजी आहे याला पुरावा नाही. ती समोर उभी असते, धाप लागलेली असते, पदराने मशीनची काच पुसून पुन्हा अंगठा ठेवते आणि तिला उद्या यायला सांगितले जाते. टेबल वरच्या मजल्यावर असते. ते तिथे कोणी ठेवले? म्हाताऱ्यांचे, अपंगांचे, विधवांचे कागद घेणारे टेबल जिन्याच्या वर ठेवणाऱ्या माणसाचे वय कितीही असो आणि रक्तदाब कितीही उत्तम असो, तो कामाला नालायक आहे, आणि त्याला तिथे ठेवून पाच वर्षे न पाहणारा लोकप्रतिनिधीही नालायक आहे. त्या जिन्यावर आजीचे कोपर कोणी धरत नाही. तिला ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला कोणी उभे नसते.

तेव्हा नेत्याचे वय आणि प्रकृती पाहावी का, या प्रश्नाचे उत्तर द्यायला हरकत नाही. गुडघे पाहू नयेत. खुर्चीवर बसून, चाकांच्या खुर्चीवर बसूनही, मतदारसंघ चालवता येतो. काठी हा गुन्हा नव्हे आणि बसून भाषण करण्याने कोणाचे पाणी अडत नाही. डोके मात्र पाहावे. समोरचा कागद वाचला जातो का, मागच्या बैठकीत काय ठरले ते आठवते का, सही कोणी पुढे सरकवली म्हणून होते की मजकूर कळून होते, या गोष्टी वयाच्या दाखल्यावर लिहिलेल्या नसतात. चासकमान धरणाच्या आवर्तनात पाणी शेवटच्या चारीपर्यंत का पोहोचले नाही याचा खुलासा पंच्याहत्तरीच्या माणसाला करता आला नाही तर वय झाले म्हणतात. पस्तिशीच्या माणसाला तोच करता आला नाही तर नवखा आहे म्हणतात. चारीवरच्या शेतकऱ्याला या दोन्हींतला फरक ओलीत झालेल्या रानावरून सांगता येत नाही. वयाचा मुद्दा काढणारेही बहुधा मतदार नसतात. तो काढतात साखळीतले दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचे, हळू आवाजात, कोपर घट्ट धरून.

नमुना २६ मध्ये रकाना वाढायचा तेव्हा वाढेल. तोवर वाचकाने पुढच्या दशक्रियेला एवढे करावे. नेता पायऱ्या उतरून खाली आला की गेल्या वेळी दिलेल्या अर्जाची तारीख सांगून त्याचे काय झाले ते विचारावे. थेट नेत्यालाच विचारावे, आणि उत्तर त्याच्याच तोंडून येईपर्यंत पायरी सोडू नये.